सायलेन्सर बदलला की धूर बदलतो?

जुन्या ट्रकचा एक्झॉस्ट अपग्रेड करायचा म्हटलं की आपल्या मेकॅनिकलवाल्यांच्या डोक्यात दोनच गोष्टी येतात. एक म्हणजे जाड पाइप आणि घुमणारा आवाज. दुसरी म्हणजे परदेशात असतो तसला चकचकीत फिल्टर बसवला की झालं, काम फत्ते! पहिल्या उपायाने फक्त शेजाऱ्यांची झोप उडते, धूर होता तेवढाच राहतो. दुसऱ्याबद्दल मात्र नीट बोलायला हवं, कारण आपल्या मुंबईत हा प्रश्न नुसता टेक्स्टबुकमधला नाही. विश्वास नसेल तर माहुलला जाऊन बघा.

माहुल हे मूळचं कोळ्यांचं गाव. १९५५ मध्ये इथे बर्मा शेलची रिफायनरी सुरू झाली, ती आजची भारत पेट्रोलियम. शेजारीच हिंदुस्तान पेट्रोलियम. अर्ध्या शहराची गाडी ज्यावर चालते ते इंधन इथून टँकरने बाहेर पडतं. त्यात २०१७ पासून तानसा पाइपलाइनलगतची घरं पाडून तिथल्या कुटुंबांना माहुलच्या इमारतींत पाठवायला सुरुवात झाली. इथल्या हवेत श्वास घेता येत नाही म्हणून २०१८ मध्ये लोक विद्याविहारला पाइपलाइनजवळच्या फुटपाथवर आंदोलनाला बसले. शेवटी २०१९ मध्ये हायकोर्टाने सांगितलं की माहुलला पाठवू नका, दुसरं घर द्या किंवा महिना १५,००० रुपये भाडं द्या. विचार करा, पक्क्या घरापेक्षा फुटपाथ बरा असं माणसाला कधी वाटत असेल?

आता गंमत बघा. डिझेलचा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, नीट चालायला कमी गंधकाचं डिझेल लागतं. बीएस-२ च्या डिझेलमध्ये गंधक ५०० पीपीएमपर्यंत चालायचं. एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ आलं आणि ती मर्यादा १० पीपीएम झाली. म्हणजे इंधनाची अडचण संपली. स्वच्छ डिझेल माहुललाच तयार होतं आणि जुना ट्रकही तेच पितो. मग लावा की फिल्टर सगळ्यांना! एवढं सोपं असतं तर काय हवं होतं?

डीपीएफ ही सिरॅमिकची जाळी असते. तिची भोकं एकाआड एक बंद केलेली असतात, त्यामुळे धूर भिंतीतून गाळून जातो आणि काजळी आत अडकते. ही काजळी वेळोवेळी जाळावी लागते. उत्प्रेरकाच्या मदतीने ती साधारण २५०-३०० अंशांच्या वर जळू लागते, मदत नसेल तर ६०० च्या आसपास जावं लागतं. हायवेवर लोड घेऊन धावणाऱ्या गाडीला हे जमतं. पण रांगेत इंजिन चालू ठेवून तासन्‌तास उभ्या असलेल्या टँकरचा धूर तेवढा तापतच नाही. त्यात जुनं मेकॅनिकल पंपाचं, थोडं ऑइल खाणारं इंजिन असेल तर फिल्टर लवकर तुंबतो. बॅक प्रेशर वाढतं, ॲव्हरेज पडतं आणि मग काय, ड्रायव्हर गॅरेजमध्ये जाऊन आतली जाळी फोडून टाकतो. बाहेरून फिल्टर, आतून पोकळ!

माहुलच्या टँकरची अजून एक भानगड आहे. पेट्रोलियम नियमांप्रमाणे या गाड्यांचा एक्झॉस्ट टाकीपासून दूर, पुढच्या बाजूला ठेवावा लागतो आणि त्याला स्पार्क अरेस्टर असतो. कारण उघड आहे. अशा गाडीचा फिल्टर पेट्रोल भरण्याच्या जागी आपोआप ६०० अंशांवर तापायला लागला तर? रोग परवडला पण औषध नको! म्हणून टँकरला असा फिल्टर लावायचा तर डेपोच्या आत रिजनरेशन बंद ठेवणारा कंट्रोल हवा आणि स्फोटक सुरक्षा खात्याची, म्हणजे पेसोची मंजुरी हवी. कुठल्याही वेल्डिंगवाल्याचं हे काम नाही.

जगात हे झालेलं आहे. टोकियोचे गव्हर्नर इशिहारा बाटलीत डिझेलची काजळी भरून पत्रकारांना दाखवायचे. ऑक्टोबर २००३ पासून तिथे जुन्या डिझेल ट्रकना फिल्टर लावा नाहीतर शहरात येऊ नका, असा नियम झाला आणि मदतीला अनुदानही दिलं. पण २००४ मध्ये उघड झालं की मित्सुई कंपनीने खोट्या चाचण्या दाखवून सुमारे २१,५०० फिल्टर विकले होते. जपानमध्ये असं होतं, तर आपल्याकडे काय होईल ते सांगायला नको. चाचणी विकणाऱ्याची नसावी, तिसऱ्याचीच असावी, हा त्यातला धडा.

आपली पीयूसीही इथे कमी पडते. उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर दाबून धुराचा काळेपणा मोजायचा. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाडीला ६५ हार्ट्रिज युनिटपर्यंत पास. नायट्रोजन ऑक्साइड यात मोजतच नाहीत, आणि डोळ्यांना न दिसणारे बारीक कण तर सुटूनच जातात.

माझं मत असं की क्रम चुकवू नये. आधी इंजिन: इंजेक्टर, पंपाचं टायमिंग, एअर फिल्टर, टर्बोची गळती. काळा धूर बऱ्याचदा इथेच निम्मा होतो आणि डिझेलही वाचतं. मग इंजिन धडधाकट असेल तरच डीपीएफ. नुसता ऑक्सिडेशन कॅटॅलिस्ट लावून भागवू नये. कॅलिफोर्नियाच्या वर्गवारीत पहिल्या पायरीला कण निदान २५ टक्के कमी झाले तरी चालतात, तिसऱ्या पायरीला, जिथे फिल्टर येतात, तिथे ८५ टक्के लागतात. आणि जे इंजिन संपलंय त्याला कितीही नटवलं तरी उपयोग नाही, ते भंगारातच जावं.

खर्च कोणी करायचा? एका गाडीवर घर चालवणाऱ्या मालकाने एकट्याने नक्कीच नाही. ज्यांचा माल ही गाडी वाहते त्यांनी वाहतुकीच्या करारातच तो धरावा. रांगेत इंजिन बंद ठेवायची सोय, म्हणजे टोकन आणि वेळ ठरवून लोडिंग, हे तर कुठलाही फिल्टर न लावता करता येतं.

आणि हो, ट्रकला बळीचा बकरा करू नका. माहुलच्या वासाचं मुख्य कारण साठवणुकीतून आणि भरताना उडणाऱ्या वाफा. २०२० मध्ये हरित लवादाने याच वाफांसाठी चार कंपन्यांवर मिळून सुमारे २८६ कोटींची भरपाई लावली. ट्रकचा फिल्टर ती वाफ पकडत नाही. पण म्हणून ट्रकचा धूर माफ, असंही नाही. तिथल्या लहान मुलांच्या छातीत दोन्ही जातात.

बी.ई. प्रोजेक्टसाठी दरवर्षी आपण तीच गो-कार्ट बनवतो. यंदा एखाद्या ग्रुपने रांगेतल्या जुन्या टँकरच्या एक्झॉस्टचं तापमान दिवसभर लॉग करून बघावं. फिल्टर कुठे चालेल आणि कुठे तुंबेल ते त्या एका ग्राफवरून कळेल. थर्मोकपल काही महाग नसतं. बघा, कोणी तयार आहे का?