गुलाब 'बायकी' कसा झाला?



आठ मार्चच्या पोस्टरसाठी वस्तीतल्या गटात आम्ही चित्रं काढायला बसलो होतो. एकीनं गुलाब काढला. मी पटकन म्हणाले, "फुलं नकोत गं, मूठ काढ." तिनं कागद उलटा केला आणि नंतर ती काही बोललीच नाही.

पुढे राहेल रॉइश या डच चित्रकार बाईबद्दल वाचलं, तेव्हा तो उलटा कागद पुन्हा आठवला. राहेलचा जन्म १६६४चा. तेव्हा मोठी चित्रकला म्हणजे इतिहास-पुराणातले प्रसंग. त्यासाठी नग्न मॉडेल समोर ठेवून शरीराचा अभ्यास लागे, आणि तिथे बायकांना मज्जाव. फुलांचं चित्र खालच्या पायरीवरचं, म्हणून ते बायकांना मोकळं.

राहेलनं त्या फुलांकडे कसं पाहिलं? वडील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आणि शरीरशास्त्रज्ञ. घरातल्या नमुन्यांवरून ती निरीक्षण शिकली, पंधराव्या वर्षी चित्रकाराकडे शिकायला गेली. तिचा गुलाब शोभेचा नाही. काळोख्या पार्श्वभूमीवर भरगच्च पाकळ्यांच्या ओझ्यानं तो मान टाकतो. शेजारी कीड लागलेलं पान असतं, एखादा किडाही. वेगवेगळ्या ऋतूंतली फुलं ती एकाच फुलदाणीत आणते. म्हणजे प्रत्येक फुलाचा अभ्यास वेगळा, रचना तिच्या बुद्धीची.

१७०१ साली हेगच्या चित्रकार संघाची ती पहिली स्त्री सदस्य झाली, १७०८ साली ड्युसेलडॉर्फची दरबारी चित्रकार. दहा मुलं झाली, तरी ऐंशी ओलांडेपर्यंत तिचा कुंचला थांबला नाही. म्हातारपणी तर ती सहीशेजारी आपलं वय लिहू लागली! हयातीत एवढा मान मिळाला. पण गोम्ब्रिख यांच्या १९५०च्या गाजलेल्या कलेच्या इतिहासात एकाही स्त्री चित्रकाराला जागा नव्हती.

आधी दारं बंद करायची, उरलेल्या कोपऱ्यात बाईनं काही उभं केलं की ते किरकोळ ठरवायचं, ही रीत आपल्या ओळखीची आहे. स्वयंपाक, गोधडी, रांगोळी, सगळ्यांचं हेच झालं. दारं उघडण्यासाठी आपण भांडतोच, भांडत राहू. पण त्या कोपऱ्यातल्या कामाला 'बायकी' म्हणून नाक मुरडताना मीही त्याच रांगेत उभी होते, हे कबूल करायला हवं.

तुमच्या गटात कुणी गुलाब काढला, तर तिला आधी विचारा, "यात तुला काय दिसलं?" मी ते विचारलं नव्हतं. पुढच्या बैठकीत विचारणार आहे.