जरा स्थिर उभे राहा!

परवा बदलापूर स्टेशनच्या पुलावर समोरून येणारे एक काका आणि मी एकमेकांना वाट द्यायला गेलो. मी डावीकडे सरकलो, तेही त्याच बाजूला. मी उजवीकडे, तर तेही. तीनदा असं झाल्यावर काका वैतागून म्हणाले, "अहो, तुम्ही जरा स्थिर उभे राहा, मी जातो!" आणि गेले.

दोघेही समंजस, समोरच्याला बघून बदलणारे, आणि म्हणूनच अडकलेले. मला एकदम भाची आठवली.

तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. दोन वर्षांची असताना कॉक्लिअर इम्प्लांट बसवलं. आपल्यापैकी बऱ्याच जणांना अजून वाटतं की ते चष्म्यासारखं आहे, लावलं की झालं. तसं नाही हो. त्यातले इलेक्ट्रोड ऐकण्याच्या नसेला थेट विजेचे सूक्ष्म संकेत देतात. निरोगी कानात हे काम साधारण ३५०० केसपेशी करतात, इथे इलेक्ट्रोड १२ ते २२! एवढ्या तुटपुंज्या निरोपातून 'आई' ओळखायला मेंदूला शिकावं लागतं. आणि यंत्रालाही पोर शिकावी लागते. कुठल्या इलेक्ट्रोडला किती करंट दिला की आवाज जेमतेम कळतो, किती दिला की सोसत नाही, हे ऑडिओलॉजिस्ट तिचा चेहरा बघत बघत ठरवते. ह्याला मॅपिंग म्हणतात. सुरुवातीला ते पुन्हा पुन्हा करावं लागतं. प्रत्येक वेळी ताई म्हणायची, "मॅप बदलला की दोन दिवस पोरगी चिडचिडी होते."

त्यात आताची यंत्रं स्वतःहून बदलतात. गर्दी ओळखली की मागचे आवाज दाबतात आणि समोरचे पुढे आणतात. उल्हासनगरच्या बाजारात ताई मागून हाका मारतेय आणि ही आपली पुढे चाललीय! यंत्राच्या मते मागची आई म्हणजे गोंगाट. मग ऑडिओलॉजिस्टने सेटिंग बदललं, ताई पुढे जाऊन हाक मारायला शिकली, आणि भाची दर चार पावलांवर मागे वळून बघायला.

२००९ साली करुणेश गांगुली आणि होसे कार्मेना ह्यांनी माकडांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मेंदूतल्या संकेतांनी पडद्यावरचा कर्सर हलवायचा. संकेतांचा अर्थ लावणारा दुभाषा त्यांनी दिवसेंदिवस तोच ठेवला. माकडांचे मेंदू तो इतका पक्का शिकले की दुसऱ्या दिवशी आल्या आल्या जमायचं. नंतर दुसरा दुभाषा दिला, तोही शिकले, आणि पहिला विसरले नाहीत.

म्हणजे यंत्राने बदलूच नये का? तसंही नाही. न्यूरालिंकच्या पहिल्या रुग्णाला जानेवारी २०२४ मध्ये यंत्र बसवलं, पुढे मेंदूतले काही धागे मागे सरकले. तेव्हा संकेत वाचायची पद्धत बदलली, म्हणून त्याचा कर्सर पुन्हा ताळ्यावर आला.

माझं म्हणणं एवढंच की दोघांनी पाळीपाळीने शिकावं. एक बदलत असताना दुसऱ्याने थोडं थांबावं. यंत्र झटपट बदलू शकतं, मेंदूला महिने लागतात. म्हणून थांबायचं जास्त यंत्रानेच. आणि शिकण्याच्या ह्या वेळेचा हिशोब कुणीच मांडत नाही. यंत्राची किंमत सगळे विचारतात. पण ताईने अंबरनाथची नोकरी सोडली, रोज दोन-दोन तास पोरीशी बोलत बसली, ते कुठल्या बिलात येतं? ते नसतं तर इतकं महागडं यंत्र नुसतं डोक्याला चिकटून राहिलं असतं.

असो. मावशी, काका, दिवाळीला याल तेव्हा मागून टाळ्या वाजवून "ऐकू येतं का गं?" अशी परीक्षा घेऊ नका. समोर बसा, नेहमीसारखं बोला, आणि उत्तर यायला वेळ लागला तर... जरा स्थिर बसा.