चंचल मूल आणि पियानो

कोलकात्याच्या गार्डन रीचमधील रेल्वे वसाहतीतून एका मराठी मातेचे पत्र आले आहे. बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळापासून तेथे रेल्वेचे मुख्यालय असल्याने नागपूरकडील कुटुंबांस हे नाव परिचित आहेच. त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा हौसेने पियानो शिकू लागला; परंतु डॉक्टर ज्यास एडीएचडी म्हणतात तो अवधानदोष व अतिचंचलता त्याच्या ठायी असल्याने दहा मिनिटेही तो बाकावर टिकत नाही. घरची मंडळी म्हणतात, शिकवणी बंद करावी.

आमच्या मते करू नये. बुद्धीत उणीव नसूनही ज्यांना स्वतःस आवरता येत नाही, अशा मुलांविषयी लंडनमध्ये डॉ. जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली व्याख्याने दिली आणि त्यास नैतिक संयमाचा दोष म्हटले. आज वैद्यक तसे मानीत नाही. घरोघर मात्र अजून तेच बोलले जाते, आणि मूल ते ऐकत असते.

पियानो अशा मुलास एका परीने सोपा व एका परीने फार कठीण. व्हायोलिनवर सूर शोधावा लागतो. येथे पट्टी दाबताच तो उमटतो. पण पाच-पाच रेघांचे दोन संच एकाच वेळी वाचावयाचे, दोन्ही हात निरनिराळे चालवावयाचे, वर मात्राही मोजावयाच्या! क्षणापूर्वी वाचलेले मनात धरून ठेवणे हेच ज्यास जड, त्याची येथे दमछाक होते. म्हणून प्रथम एकच हात घ्यावा. अर्ध्या तासाऐवजी पाच-पाच मिनिटांच्या तीन बैठका कराव्या. गत शेवटाकडून शिकवावी. म्हणजे प्रत्येक वेळी मूल ओळखीच्या भागाकडे जाते. आणि ते कंटाळण्यापूर्वीच थांबावे.

वाद्याकडेही पाहावे. हुगळीकाठच्या पावसाळी दमट हवेत पियानोतील लाकूड व नमदा फुगतो, पट्टी दाबलेली तशीच राहते, सूर ढळतात. अडकलेल्या पट्टीवरून मूल उठले तर तो त्याचा चंचलपणा नव्हे! पावसाळा सरल्यावर जाणकाराकडून वाद्य जुळवून घ्यावे. विजेचा कीबोर्ड असल्यास त्यावरील ताल व आवाज बदलण्याची बटणे कागदाने झाकावी. नाहीतर सारा वेळ त्यांतच जातो.

संगीत हा या विकारावरील उपचार नव्हे. निदान व औषध बालरोगतज्ज्ञाचे अथवा मनोविकारतज्ज्ञाचे काम. औषध चालू असल्यास त्याचा परिणाम कोणत्या वेळी असतो हे त्यांना विचारून बैठकीची वेळ ठरवावी. शिक्षिकेसही ही सर्व हकीकत आधीच सांगावी आणि आठवड्यास एकच लहान तुकडा द्यावा, अशी विनंती करावी.