पहाऱ्याचा जाब कोणी घ्यायचा?




बंदिवान कोठडीत मरण पावला म्हणजे ‘चौकशी चालू आहे’ एवढ्या शब्दांत प्रकरण दप्तरी दाखल करण्याची जी रीत सरकारदरबारी रूढ झाली आहे, तिच्यासंबंधाने करवीरच्या रहिवाशाने तरी स्वस्थ बसू नये. कारण या नगरीच्या साक्षात छत्रपतींचा अंत पहाऱ्यात झाला. चौथ्या शिवाजी महाराजांच्या छळाविषयी लिहिले म्हणून कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांनी भरलेल्या बदनामीच्या खटल्यात टिळक-आगरकरांनी १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले, आणि पुढच्याच वर्षी, २५ डिसेंबर १८८३ रोजी, अहमदनगरच्या किल्ल्यात ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत विशीतले महाराज प्राणास मुकले. काय घडले ते सांगायला महाराज उरले नाहीत; उरला तो पहारा.

नेमकी हीच अडचण आजही कायम आहे. जून २०१७ मध्ये भायखळ्याच्या महिला कारागृहात, शिक्षा भोगत असतानाच वॉर्डर नेमलेल्या एका बंदिवान स्त्रीला शिध्यातील दोन अंडी आणि पाच पाव कमी भरल्यावरून मारहाण झाली व तीत तिचा जीव गेला, असा आरोप ठेवून तुरुंगाधिकाऱ्यासह सहा महिला कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला. आरोपाच्या खरेखोटेपणाचा निवाडा न्यायालयाचा. परंतु दुसऱ्या दिवशी संतापून ज्या कैदी बायका आक्रोश करीत गच्चीवर चढल्या, त्यांच्यापैकी सुमारे दोनशे जणींवर दंगलीचा गुन्हा नोंदला गेला. साक्ष द्यायची ती यांनीच, आणि राहायचे तेही त्याच भिंतींआड, त्याच खात्याच्या ताब्यात! अशा स्थितीत किती जणींची जीभ रेटावी?

तुरुंगात कर्मचारी अपुरे, कैद्यांची गर्दी अफाट आणि त्यांच्यातले काही महाभयंकर, हे सारे मला मान्य आहे. आपल्या कोल्हापूरच्या कळंबा कारागृहातच जून २०२४ मध्ये एका जन्मठेपेच्या कैद्याला इतर कैद्यांनी ठार मारले. परंतु ज्याच्या हाती किल्ली, त्याच्याकडेच जिवाची हमी. कैद्याचा घात शिपायाच्या दांड्याने होवो वा शिपायाच्या बेपर्वाईने, जाब किल्लीवाल्यानेच दिला पाहिजे.

१८९४च्या तुरुंग कायद्याच्या ५४व्या कलमाने कर्तव्यात कसूर करणाऱ्या तुरुंग-शिपायाला फार तर २०० रुपये दंड किंवा तीन महिने कैद, अथवा दोन्ही, एवढीच शिक्षा ठरविली होती. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २००५च्या दुरुस्तीने कोठडीतील मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याकडे सोपविली, ही सुधारणा खरोखर मोलाची. पण पुराव्याचा भार मुळात आहे तिथेच राहिला. पोलीस कोठडीत इजा झाली तर ती पोलिसानेच केली असे न्यायालयास गृहीत धरता यावे, अशी शिफारस विधी आयोगाने १९८५ साली आपल्या ११३व्या अहवालात केली होती. ती २०२३च्या नव्या साक्ष कायद्यातही उतरली नाही.

कोल्हापूरच्या आमदार-खासदारांना माझी विनंती आहे की, त्यांनी ही शिफारस तुरुंगांनाही लागू करून कायद्यात आणण्याचा आग्रह आपापल्या सभागृहात धरावा, आणि कैदी साक्षीदाराचा जबाब होताच त्याला दुसऱ्या कारागृहात हलविण्याचा व चौकशीचा अहवाल मृताच्या वारसांना मुदतीत देण्याचा हुकूम गृहखात्याकडून काढवून घ्यावा.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर