ठिपका पुढे, भोक मागे

आज एका हिरव्या ठिपक्याची गोष्ट सांगतो. आमच्या सोसायटीच्या आवारात, माझ्या जुन्या गाडीच्या पुढच्या टोकाखाली हा ठिपका रोज सकाळी दिसायचा. असेल रुपयाएवढा. बोट लावून पाहिलं तर जरासा बुळबुळीत, वास गोडसर. म्हणजे साधं पाणी नव्हे आणि इंजिनाचं काळपट तेलही नव्हे. हे होतं कूलंट.

इंजिनात पेट्रोल जळतं तेव्हा एवढी उष्णता तयार होते, की ती बाहेर काढली नाही तर इंजिन जाम होऊन बसेल. म्हणून इंजिनाच्या पोटातल्या वाटांमधून सतत पाणी खेळवतात. एक पंप ते ढकलतो, रेडिएटरच्या बारीक नळ्यांत ते निवतं आणि परत इंजिनात जातं. या पाण्यात इथिलीन ग्लायकॉल नावाचं रसायन आणि गंज रोखणारी द्रव्यं मिसळलेली असतात. तेच कूलंट. कुठे हिरवं, कुठे लाल, कुठे निळं. चवीला गोड असतं म्हणतात, पण आहे चक्क विष! तेव्हा बोट लावलंत तर हात साबणाने धुवा, आणि सांडलेलं कूलंट कुत्र्या-मांजरांच्या पोटात जाऊ देऊ नका.

तर ठिपका गाडीच्या पुढच्या टोकाखाली आणि तिथेच रेडिएटर. मग आणखी काय हवं? "रेडिएटर गळतोय," असं मी छातीठोकपणे जाहीर केलं. तो काढून, डाख लावून आणला. पैसे मोजले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर ठिपका हजर!

"जाऊ दे, थेंबभर तर आहे," म्हणून मी दुर्लक्ष केलं. तीच चूक. मे महिन्यात सातवीतल्या भाचीला घेऊन साताऱ्याला निघालो. खंबाटकीचा घाट चढताना तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकायला लागला. गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं, तर वाफेचा फुस्स आवाज! मी फडकं घेऊन रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, एवढ्यात मागे थांबलेल्या ट्रकचा ड्रायव्हर ओरडला, "ओ साहेब, हात काढा! तोंड भाजेल!"

त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. घरचा प्रेशर कुकर आठवा. रेडिएटरचं झाकण म्हणजे तशीच शिट्टी. माझ्या झाकणावर ०.९ हा आकडा आहे. म्हणजे आत बाहेरच्या हवेपेक्षा ०.९ बार इतका जादा दाब राहतो. एवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १०० ऐवजी सुमारे ११८ अंशांना उकळतं. झाकण उघडलं की दाब एकदम जातो, शंभराच्या वर तापलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती उकळत्या पाण्यासकट तोंडावर येते. आई-बाबांनो, तुम्हीही ऐका. कितीही घाई असो, गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नाही. आम्ही तासभर झाडाखाली बसलो. इंजिन हाताला गार लागल्यावर पाणी भरलं आणि हळूहळू घाट उतरून एका गॅरेजपर्यंत पोचलो.

तिथल्या मिस्त्रींनी काही खोलायची घाई केली नाही. इंजिन पूर्ण निवू दिलं, पाणी काठोकाठ भरलं आणि झाकणाच्या जागी एक छोटा हातपंप बसवला, वर काटा असलेला. सायकलमध्ये हवा भरावी तसा दाब दिला, काटा ०.९ वर आणला आणि म्हणाले, "आता फक्त बघायचं." इंजिन बंद, पंखा बंद, त्यामुळे थेंब उडायचा प्रश्नच नाही. काटा सावकाश उतरायला लागला. म्हणजे गळती नक्की. मिस्त्री टॉर्च घेऊन वरून खाली येऊ लागले. वरचा रबरी पाइप कोरडा. त्याची क्लिप कोरडी. रेडिएटर ठणठणीत कोरडा! आणि त्याच्या मागे, पंख्याच्या पाठीशी असलेल्या वॉटर पंपाच्या पोटाला एक बारीक भोक. त्यातून टप्... टप्...

"हे भोक कुणी पाडलं?" भाचीने विचारलं.

"कारखान्यानेच," मिस्त्री हसले.

यातच खरी गंमत आहे. पंपाचा दांडा बेअरिंगवर फिरतो. आतलं पाणी बेअरिंगकडे जाऊ नये म्हणून मध्ये एक सील असतं. सील झिजलं की पाणी पुढे सरकतं. ते बेअरिंगमध्ये शिरलं तर ग्रीस धुऊन जाईल आणि पंप अडकेल. म्हणून दोघांच्या मध्ये हे भोक ठेवतात. पाणी बाहेर पडतं आणि मालकाला आधीच खबर मिळते. काही जण हे भोक गळतंय म्हणून लांबीने बुजवतात, मिस्त्रींनी असे पंप पाहिले होते. मलाही रोज सकाळी खबर मिळत होती, पण मी दोष देत होतो रेडिएटरला!

"पण मग ठिपका एवढा पुढे का पडायचा?" मी विचारलं.

मिस्त्रींच्या आधी भाचीच बोलली. "मामा, तुझी गाडी उतारावर उभी असते ना, तोंड खाली करून? मग पाणी खालच्या आडव्या पट्टीवरून पुढे ओघळणारच की!"

मी गप्प. त्या दिवशी पंप बदलला आणि ठिपका कायमचा गेला.

तुमच्या गाडीखाली असा ठिपका दिसला तर रात्री गाडीखाली जुनं वर्तमानपत्र पसरा. एसी लावला असेल तर त्याचं पाणी पडतं, पण ते रंगहीन, चिकटपणा नसलेलं आणि बॉनेटच्या मागच्या भागाखाली असतं. त्याची काळजी नको. रंगीत डाग पडला तर सकाळी, गाडी गार असताना, मोठ्या माणसाला बॉनेट उघडायला सांगा आणि सगळ्यात खालची नव्हे, सगळ्यात वरची ओली जागा शोधा. वाळलेले पांढरट किंवा हिरवट ओघळ दिसले तर तेही पाहा. इंजिन चालू असताना पंखा आणि पट्टा थेंब चौफेर उडवतात, म्हणून आधी सगळं पुसून घ्यावं. हात मात्र आत घालू नका, काही गाड्यांचा विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होतो. आणखी एक. हल्लीच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन आडवं बसवलेलं असतं. त्यामुळे इंजिनाची 'पुढची', म्हणजे पट्ट्याची बाजू एका चाकाजवळ येते आणि पंपाचा ठिपका तिथेही पडू शकतो.

वर्तमानपत्र उचलण्याआधी त्यावर दोन बाण काढा. एक गाडीचं तोंड कुठे होतं त्याचा आणि दुसरा उतार कुठल्या दिशेला होता त्याचा. ते पान घेऊनच गॅरेजमध्ये जा.