भाजी पाटींत आहे, ताटांत कां नाहीं?

पहांटेच्या अंधारांत वसई रोड अथवा विरार स्टेशनावर जो कोणी उभा राहिला असेल, त्यास हा देखावा परिचयाचा आहे. माठ, मेथी, मुळा, वांगीं, केळीं यांच्या पाट्या घेतलेल्या बायका मुंबईकडची लोकल गांठण्यासाठीं लगबगीनें चाललेल्या असतात. मुंबईस भाजीपाला पुरविणाऱ्या वसईच्या वाड्यांचा वसईकरांस पिढ्यान्‌पिढ्या अभिमान आहे, व तो रास्त आहे. परंतु पाटी रिकामी करून तीच बाई सायंकाळीं घरीं परतली म्हणजे तिच्या स्वतःच्या ताटांत काय पडतें, हा प्रश्न या अभिमानानें आजवर कधीं विचारला नाहीं. तो आज आम्ही विचारणार आहों.

उत्तर सांगावयास संकोच वाटतो. पुष्कळ घरीं भात, पातळ वरण, आणि तोंडीं लावण्यास सुकी मासळी किंवा मिरचीचा ठेचा. भाजी झालीच तर ती प्रथम कमावत्या पुरुषास, मग मुलांस. आणि जिनें ती चिरली, शिजविली, किंबहुना डोक्यावरून वाहिली, तिच्या वांट्यास भांड्याच्या तळाचा रस्सा. फळ तर आजाऱ्यास भेटावयास जातांना न्यावयाची वस्तु! नालासोपारा व विरार येथील चाळींतून राहून चार घरचीं धुणींभांडीं करणाऱ्या मातेची स्थिति याहून निराळी नाहीं. २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकीं सुमारें ५४ स्त्रियांस रक्तक्षय आढळला. २०१५-१६ च्या पाहणींत हाच आंकडा ४८ होता. ज्या प्रांतानें या अवधींत रस्ते वाढविले, इमारती चढविल्या, त्याच प्रांतांत मातांचें रक्त मात्र उतरलें.

या रोगाचा व पानाचा संबंध उघडकीस येण्याचा आरंभ आमच्या शेजारींच झाला, हें फार थोड्यांस ठाऊक असेल. १९२८ सालीं लूसी विल्स या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायकांस गरोदरपणीं जो एक घातक रक्तक्षय होत असे, त्याचें कारण शोधण्याचें काम त्यांनीं हातीं घेतलें. रोगजंतूंचा तपास झाला, तसा बायकांच्या खाण्याचाही झाला. आणि दोष आहारांत आहे व यीस्टच्या अर्कानें तो भरून निघतो, असें त्यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें १९४१ सालीं या उणिवेचें द्रव्य पालकाच्या पानांतून वेगळें काढण्यांत आलें, व पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास फॉलिक आम्ल हें नांव मिळालें. आज दवाखान्यांत गरोदर स्त्रीस लोहाबरोबर याच द्रव्याची गोळी देतात. ती तिनें अवश्य घ्यावी. परंतु गर्भाचा मेंदू व पाठीचा कणा पहिल्या कांहीं आठवड्यांतच आकार घेतो. त्या वेळीं पुष्कळ स्त्रियांस आपण गरोदर आहों याचा पत्ताही नसतो, मग गोळी कोठून? म्हणून पान रोजच्या ताटांतच असलें पाहिजे. पालेभाजींतील लोह अंगीं लागण्यास लिंबू, पेरू, आंवळा यांची मदत होते, आणि जेवणावर लागलाच घेतलेला चहा त्यास अडथळा करितो. फळें व भाज्या मिळून रोज निदान ४०० ग्रॅम खाव्या, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या मातांपैकीं किती जणींस त्याचा अर्धा भाग तरी मिळतो?

येथें कोणी म्हणेल कीं, या बायका अडाणी आहेत. त्यांस आहारशास्त्रावर व्याख्यानें द्या, भिंतीवर चित्रें लावा, म्हणजे झालें. आम्हांस हें मान्य नाहीं. पहिला पाऊस पडतांच टाकळा, कुर्डू, कंटोळीं, शेवळें हीं रानांतून वेंचून आणणारी आदिवासी माता भाजीचें महत्त्व आमच्याकडून शिकण्याची वाट पाहत बसलेली नाहीं. शेवळें खाजतात, तीं काकडांबरोबर शिजविल्यास खाज मरते, हें ज्ञान तिनें कोणत्या व्याख्यानांत मिळविलें? उणीव ज्ञानाची नसून पैशाची, वेळेची आणि मानाची आहे. मोजक्या रुपयांत पांच पोटें भरावयाचीं असतां तांदूळ व बटाटा घेणारी बाई मूर्ख नव्हे. ती हिशेबी आहे. दिवसभर राबून आलेल्या बाईस पालेभाजी निवडण्यास सवड नसते. आणि तिच्या मानाविषयीं तर, सर्वांचें झाल्यावर उरेल तें खाणें हाच स्त्रीचा धर्म, असें आपण सर्वांनीं मिळून ठरवून टाकलें आहे!

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. जनतेचें पोषण सुधारणें हें राज्याचें एक आद्य कर्तव्य होय, असें संविधानाचा ४७ वा अनुच्छेद सांगतो. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या चवथ्या कलमानें गरोदरपणीं व प्रसूतीनंतर सहा महिने अंगणवाडीमार्फत विनामूल्य आहार मिळण्याचा हक्क स्त्रीस दिला. परंतु त्या आहाराचें माप काय ठरलें? ६०० कॅलरी व १८ ते २० ग्रॅम प्रथिनें. पानाचा व फळाचा उल्लेख या मापांत कोठेंच नव्हता. २०२३ सालीं परिशिष्टांत दुरुस्ती होऊन जीवनसत्त्वें व लोहादि द्रव्येंही मोजण्याचें ठरलें, हें स्वागतार्ह आहे. मात्र कागदावर मोजलेलें जीवनसत्त्व कोरड्या शिध्याच्या पुडींतून पोहोंचवितां येतें, ताजी भाजी येत नाहीं. आणि ही पुडी एकदां घरीं गेली म्हणजे ती घरादाराची होते. आईची राहत नाहीं.

याहून चांगली रीति सरकारास ठाऊक नाहीं असेंही नाहीं. आदिवासी क्षेत्रासाठीं २०१५ सालीं सुरू झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेंत गरोदर व स्तनदा माता अंगणवाडींत बसून चौरस ताजें जेवण जेवते, व त्यांत भाजी असते. वसई तालुक्यांतील कांहीं गांवें अनुसूचित क्षेत्रांत मोडतात. महानगरपालिकेचें शहर मोडत नाहीं. म्हणजे दोन सख्ख्या बहिणींपैकीं जी गांवीं राहिली तिला ताटांत भाजी, आणि जी मजुरीसाठीं नालासोपाऱ्याच्या चाळींत आली तिला पुडी! बहिणीनें रेल्वेचा रूळ ओलांडला म्हणून तिच्या गर्भाची भूक बदलली काय?

आमची मागणी एवढीच आहे. वसई-विरारमधील गरीब वस्त्यांतून अंगणवाडींत गरोदर व स्तनदा मातांस बसवून दिवसांतून एक वेळ ताजें जेवण द्यावें. त्यांत रोज एक पालेभाजी व एक केळें अथवा ऋतूंतील दुसरें फळ असावें. आणि हा माल वसईच्याच वाड्यांतून, बागायतदारांकडून थेट घ्यावा. अंगणवाड्या राज्याच्या महिला व बालविकास खात्याकडे आहेत, हें सांगून महानगरपालिकेनें अंग काढून घेऊं नये. १२ लाखांहून अधिक वस्तीच्या नगरीस आपल्या लेकीसुनांसाठीं चूल पेटवितां येत नसेल, तर ती नगरी कसली? खर्चाचा बाऊ करणारांनीं एका अशक्त बाळंतिणीच्या रुग्णालयांतील दिवसांचा हिशेब एकदां मांडून पाहावा. शिवाय यांत बागायतदाराचेंही हित आहे. वसईची हिरवाई राखण्यासाठीं येथील लोकांनीं मोठा लढा दिला. परंतु वाडी केवळ निषेधानें वांचत नाहीं, तिला रोजचें गिऱ्हाईक लागतें. तें गिऱ्हाईक दारांत उभें आहे.

सरकारचें सरकार पाहील. पण घरचें कोण पाहणार? आमचे वाचक पुरुष आहेत, सासवा आहेत, चार माणसांत ज्यांचा शब्द मानला जातो असे वडीलधारे आहेत. त्यांस आमची विनंति आहे कीं, आज रात्रीं पंगत मांडतांना ज्या सुनेच्या पोटांत किंवा मांडीवर मूल आहे, तिचें ताट आधीं वाढावें, आणि भाजीची पहिली पळी तिच्या ताटांत पडावी. यास कोणत्याही खात्याची मंजुरी लागत नाहीं, एक पैचा खर्च नाहीं. जो समाज इतकेंही करूं शकत नाहीं, त्यानें राष्ट्राच्या उत्कर्षाच्या गोष्टी बोलूं नयेत. कारण राष्ट्र प्रथम जेवतें तें मातेच्याच तोंडानें.