आईचं बोट आणि सोनोग्राफीचं कुलूप

गेल्या वीकांताला आर्वीला घरी गेलो होतो. सकाळी आईने चहाचा कप धरला आणि तिची अनामिका वाकली ती वाकलीच. डाव्या हाताने ओढल्यावर 'टक्' करून सुटली. "माह्यं बोट असंच अटकून रायते रे आजकाल," ती म्हणाली. जशी काही दाराची कडीच!

याला ट्रिगर फिंगर म्हणतात. बोटाच्या मुळाशी, तळहातात एक आडवा पट्टा असतो. त्याखालून बोट वाकवणारी दोरी (म्हणजे कंडरा) सरकते. पट्टा जाड झाला की दोरी अडकते. मधुमेहींना हे जास्त होतं, आणि आईला मधुमेह आहेच. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने बऱ्याच जणांचं भागतं, पण मधुमेहात गुण कमी येतो, वर साखर काही दिवस चढते. नाहीतर छोटं ऑपरेशन... छेद, टाके आणि 'भांडी कोण घासंल?'

तिसरा रस्ता मला रात्री दोन वाजता नेटवर सापडला (सवय, दुसरं काय). सोनोग्राफीच्या पडद्यावर कंडरा आणि शेजारच्या नसा बघत सुईनेच पट्टा कापायचा. टाका नाही. सुईने कापणं तसं जुनंच, पण ते अंदाजाने. म्हणजे लॉग न बघता डिबगिंग!

मग हे मशीन हाडांच्या डॉक्टरांच्या टेबलाशेजारी सहसा का दिसत नाही? पैसा आणि सराव ही कारणं आहेतच. पण गर्भलिंगनिदानाविरुद्धचा १९९४चा कायदा २००३मध्ये कडक झाला, तेव्हापासून गर्भ दिसू शकेल असं मशीन नोंदणीशिवाय विकतही घेता येत नाही. बोट बघायचं असलं तरी!

माझ्यातला इंजिनिअर लगेच म्हणाला, फक्त उथळ दिसणारा प्रोब द्या, बाकीचे पोर्ट बंद करा. पण कुलूप फोडायला किती वेळ लागतो, हे आमच्या धंद्यात कोणाला सांगायला नको. आणि पोरी मारायला हेच मशीन वापरलं गेलं, म्हणून तर कायदा आला. तेव्हा नोंदणी राहूच द्या. फक्त बोटं, खांदे बघणाऱ्या डॉक्टरला ती सरळ, वेळेत मिळावी आणि सुई धरायचं शिक्षण नागपूरच्या अलीकडेही मिळावं, एवढंच म्हणणं आहे.

आईने सगळं ऐकून घेतलं. "इंजेक्शन इथंच देते ना डाक्टर? मंग तेच पायतो आधी."

मंगळवारी जाणार आहे. मी साखर मोजायचं मशीन ठेवून आलोय.